चोरश्वास

कॉलेजच्या कॉयरमध्ये पहिल्याच दिवशी सर मला म्हणाले, "तुझा आवाज मला वेगळा ऐकू येतोय. तो यायला नको." मी सहा वर्षं तानपुऱ्यासमोर बसून गाणं शिकलेली. आवाज लागला पाहिजे, ऐकू गेला पाहिजे, हेच मनावर ठसलेलं. पुण्याच्या पावसात स्कूटी चालवत घरी येईपर्यंत डोळे पुन्हापुन्हा भरून येत होते.

मग त्यांनी श्वास शिकवला. कॉयरच्या रचनेत कधी कधी अर्ध्या पानापर्यंत स्वर तुटत नाही. एकट्याच्या छातीत तेवढी हवा नसते. म्हणून शेजारचीनं श्वास घेतला की आपण घ्यायचा नाही. शब्द संपतो तिथे सगळ्यांनाच मोह होतो, तिथे तर नाहीच नाही. स्वराच्या पोटातच आवाज बारीक करत बाहेर पडायचं, श्वास भरायचा आणि तसंच दबक्या पावलांनी आत शिरायचं. ऐकणाऱ्याला पत्ता लागता कामा नये. आम्ही त्याला 'चोरश्वास' म्हणायचो.

तिसऱ्या वर्षी जूनमध्ये आम्ही २४ जण एस्टोनियाला गेलो. हेलसिंकीहून बोटीनं दोन तासांवर टालिन. सगळा देश मिळून वस्ती जेमतेम तेरा-चौदा लाख, आणि रात्रीचे साडेदहा वाजले तरी उजेड हटत नाही. राहायची सोय घरोघरी केलेली होती. मी आणि एक मैत्रीण सत्तरीच्या एका आजींकडे उतरलो. रोज सकाळी त्या राय धान्याचा काळा, आंबूस पाव जाड कापून लोणी लावून पुढे ठेवायच्या आणि आम्ही खाईपर्यंत समोरून हलायच्या नाहीत.

पहिला कार्यक्रम तार्तूला, सेंट जॉन चर्चमध्ये होता. तांबड्या विटांच्या या जुन्या देवळाच्या भिंतींत भाजलेल्या मातीच्या मूर्ती बसवल्या आहेत. १९४४ मध्ये युद्धात ते जळालं, कित्येक वर्षं भग्न पडून होतं आणि २००५ मध्ये पुन्हा उघडलं. आमच्या प्रॅक्टिसच्या वर्गात स्वर तोंडातून निघताच संपायचा. इथे आम्ही थांबल्यावरही तो वर रेंगाळत राहिला. पहिल्या गाण्यात आम्ही गोंधळलोच. दुसऱ्या गाण्यात सरांनी लय थोडी मोकळी सोडली, तेव्हा जमलं.

दुपारी तिथल्या विद्यार्थ्यांनी आम्हाला 'रेगिलाउल' शिकवलं. हे त्यांचं फार जुनं लोकगाणं. वेल्यो टॉर्मिस या संगीतकारानं आयुष्यभर ही गाणी कॉयरसाठी बांधली. एकजण ओळ म्हणतो, बाकीचे तीच उचलतात. पण ओळ संपल्यावर नाही, शेवटच्या एक-दोन अक्षरांवरच. ते संपवायला येतात तेव्हा म्होरक्या पुन्हा त्यांच्यात मिसळतो. मधे फट राहत नाही. मला पोवाड्यातले झीलकरी आठवले, आणि आईच्या भजनी मंडळात चरण उचलणाऱ्या बायका. लहानपणी मला वाटायचं, खरं गाणं आई गाते आणि त्या नुसतं मागे म्हणतात.

शेवटच्या दिवशी टालिनचं लाउलुव्याल्याक, म्हणजे गाण्याचं मैदान, पाहायला गेलो. आजीही आल्या. गवताची लांबलचक उतरण, खाली १९६० मध्ये बांधलेली प्रचंड कमान, तिच्यामागे समुद्र. १८६९ मध्ये तार्तूला सुरू झालेला गीतमहोत्सव आता दर पाच वर्षांनी इथे भरतो आणि हजारो गायक एका वेळी कमानीखाली उभे राहतात. आम्ही गेलो तेव्हा महोत्सवाचं वर्ष नव्हतं. मैदान रिकामं होतं.

आजी मोडक्या इंग्रजीत सांगू लागल्या. सोव्हिएत काळात, १९६० च्या महोत्सवात, कार्यक्रमात नसलेलं एक गाणं गायकांनी आपणहून सुरू केलं. गुस्ताव्ह एर्नेसाक्सनं चाल दिलेलं, मायभूमीवरचं. पुढे १९८८ च्या उन्हाळ्यात लोक रात्र-रात्र इथे येऊन गात राहिले. त्या सप्टेंबरात तर इथे तीन लाखांच्या आसपास माणसं जमल्याचं सांगतात. १९९१ मध्ये देश स्वतंत्र झाला. १९८८ च्या त्या सप्टेंबरात आजी या उतरणीवर होत्या, मुलगी खांद्यावर. त्यांनी उभं राहून जागा दाखवली. म्हणाल्या, "मला सारखं रडू येत होतं. मी कितीदा तरी थांबले. पण शेजारचे गात होते ना."

मग आम्हाला कमानीखाली गायला सांगितलं. समोर उतरणीवर निळी शाल पांघरलेल्या त्या एकट्या आजी. मधल्या लांब स्वरावर माझा घसा दाटला. आवाजच फुटेना. चोरश्वास नव्हता तो, मी सरळ गळूनच पडले होते. डावीकडच्या मैत्रिणीनं माझ्याकडे पाहिलंही नाही. तिनं श्वास घ्यायची वेळ आली होती, मला पाठ होती ती. पण तिनं घेतला नाही. ओढत राहिली. मानेची शीर ताणलेली दिसत होती. मी परत आत शिरले, आणि मगच ती बारीक झाली.

आजींना काही कळलं असेल का, मी विचारलं नाही. निघताना त्यांनी वाटेसाठी पाव बांधून दिला.

परतल्यावर आषाढीला आईच्या मंडळाचं भजन होतं. एरवी मी पेटीपाशी, आईशेजारी बसायची. या वेळी मागे, सतरंजीच्या कडेला, बायकांत जाऊन बसले. आईनं अभंग उचलला. शेवटच्या अक्षरावर सगळ्याजणी आत शिरल्या. शेजारच्या काकूंना दमा आहे, त्या मधेच श्वासाला थांबल्या. मी माझा आणखी थोडा लांबवला.