निष्ठेचा जमाखर्च

रायपूर हे मुक्कामाचे शहर आहे. मुंबई-हावडा लोहमार्गावर, नागपूरपासून सुमारे ३०० किलोमीटरवर वसलेले हे शहर १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगडची राजधानी झाले. परंतु त्याआधीही तांदूळ, पोलाद आणि सिमेंट यांच्या व्यवहारासाठी माणसे येथे येत, दोन रात्री राहत आणि परतीची गाडी धरीत. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेबरोबर आलेली मराठी कुटुंबे येथे स्थिरावली. त्यामुळे नागपूरकडून येणाऱ्या मराठी माणसाला येथे एखादी मावशी, एखादा आतेभाऊ, निदान चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळात कोणी ओळखीचे, असण्याचा संभव मोठा. अशा मुक्कामाचे ऋण असे, पण हिशेब नसे. मावशीकडे किती रात्री काढल्या हे कोणी लिहून ठेवीत नसे, आणि कोणी ठेवले असते तर ते अशिष्ट ठरले असते.

आज याच शहरात लाभांडीला 'कोर्टयार्ड बाय मॅरिअट'सारखी जागतिक साखळीतील हॉटेले उभी आहेत. अशा हॉटेलच्या काउंटरवर ओळखपत्र दाखविताना आणखी एक प्रश्न विचारला जातो: आपण सभासद आहात का? प्रश्न सौजन्याचा वाटतो, परंतु त्याला होकार देणारा माणूस एका लांबलचक नियमसंहितेला संमती देत असतो. या संहितेला व्यापारी जगात 'लॉयल्टी प्रोग्रॅम' असे नाव आहे. लॉयल्टी म्हणजे निष्ठा. एका नैतिक शब्दाला व्यापाराने कोणत्या कामाला जुंपले आहे, हे पाहावयाचे तर ती संहिता वाचावी लागते. आणि ती वाचण्याची तसदी बहुधा कोणी घेत नाही.

या प्रथेचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेत स्पेरी अँड हचिन्सन कंपनीने १८९६ पासून दुकानदारांमार्फत हिरवी तिकिटे वाटली. गिऱ्हाइकाने ती वहीत चिकटवावी आणि भरलेल्या वह्यांच्या बदल्यात वस्तू न्यावी. विमानप्रवासात १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सने मैलांची मोजणी सुरू केली, आणि १९८३ साली हॉलिडे इन व मॅरिअट या हॉटेल-कंपन्यांनी तोच कित्ता गिरविला. मॅरिअटच्या योजनेला फेब्रुवारी २०१९ पासून 'बॉनव्हॉय' असे नाव आहे. हिरव्या तिकिटाची वही निदान गिऱ्हाइकाच्या घरी, त्याच्या कपाटात असे. पॉइंट मात्र कंपनीच्याच खातेवहीत राहतात. सभासदाला दिसतो तो केवळ आकडा.

हा आकडा कसा वाढतो, हे एका कल्पित प्रवाशाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. नागपूरचा एक विक्री-प्रतिनिधी दरमहा रायपूरला येतो आणि अशाच एका हॉटेलात दोन रात्री राहतो, असे समजू. खोलीचे भाडे रात्रीला ६,००० रुपये, आणि सोयीसाठी डॉलरचा भाव ८० रुपये धरू. बॉनव्हॉयच्या बहुतेक हॉटेलांत एका डॉलरच्या खर्चामागे १० पॉइंट मिळतात. रायपूरचे बिल रुपयांत असले तरी मोजणी डॉलरमध्येच होते, आणि बिलावरील कर त्यात धरले जात नाहीत. म्हणजे एका खेपेचे १५० डॉलर, १,५०० पॉइंट. वर्षाच्या बारा खेपांचे १८,०००. याखेरीज रात्रींची मोजणी वेगळी. वर्षाला १० रात्री भरल्या की रौप्य श्रेणी आणि पॉइंटांवर १० टक्के अधिक. २५ रात्रींना सुवर्ण श्रेणी आणि २५ टक्के. ५० रात्रींना प्लॅटिनम आणि ५० टक्के. कचेरीने हीच खोली एखाद्या त्रयस्थ संकेतस्थळावरून स्वस्तात घेतली असेल, तर सामान्यतः पॉइंटही नाहीत आणि रात्रही मोजली जात नाही. खाटेवर झोपला तो माणूस तोच, परंतु संहितेच्या दृष्टीने तो तेथे नव्हताच.

आणि मग येतो डिसेंबर. आपल्या प्रवाशाच्या चोवीस रात्री भरल्या आहेत. सुवर्ण श्रेणीला एकच रात्र कमी आहे. काम दुपारी आटोपले आहे, संध्याकाळची गाडी आहे, घरी मुले वाट पाहत आहेत. तरीही एका रात्रीसाठी थांबावे असे त्याला वाटू लागते. जगभरच्या अनेक सुज्ञ माणसांना वर्षाअखेरीस असेच वाटते, आणि त्यातील कित्येक थांबतातही. एखाद्या नियमाने माणसाला स्वतःच्या घराच्या दिशेने जाण्यापासून रोखावे, ही गोष्ट क्षुल्लक म्हणता येणार नाही.

त्या रात्रीचे मोल ठरवायचे तर शब्दांकडे वळावे लागते. पॉइंटाला मराठीत 'गुण' म्हणता येते, आणि हा शब्द परीक्षेतील आकडा व माणसातील सद्गुण असे दोन्ही अर्थ वाहतो. योजनाकारांना हाच संभ्रम हवा असतो. खर्चाची नोंद ही योग्यतेची नोंद भासावी, श्रेणीचे नाव मानपत्रासारखे वाटावे, हा तिचा हेतू. पॉइंट खर्ची घालण्याला मराठीत 'वटवणे' हा हुंडीच्या व्यवहारातील शब्द शोभून दिसतो. परंतु येथे साम्य फसवे ठरते. हुंडीवर रक्कम लिहिलेली असते. ती सकारणारा पेढीवाला त्या रकमेने बांधला जातो. हुंडी परत गेली तर त्याची पत जाते. पॉइंटावर अशी रक्कम लिहिलेली नसते. मॅरिअटने पूर्वी हॉटेलांचे वर्ग पाडून कोणत्या वर्गाच्या खोलीला किती पॉइंट लागतील याचा तक्ता प्रसिद्ध केलेला होता. मार्च २०२२ मध्ये तो तक्ता रद्द झाला, आणि तेव्हापासून पॉइंटांची किंमत खोलीच्या मागणीप्रमाणे चढते-उतरते. हुंडी वटविण्याच्या दिवशी तिची रक्कम सकारणाऱ्यानेच ठरवावी, असा हा प्रकार आहे.

मुदतीचा नियमही लक्षात घेण्याजोगा आहे. बॉनव्हॉयच्या खात्यात सलग २४ महिने काहीच जमा-खर्च झाला नाही, तर साचलेले पॉइंट नाहीसे होतात. पुण्य सरले की स्वर्गवासी जीव पुन्हा मर्त्यलोकी येतो, ही कल्पना भारतीय वाचकाला अपरिचित नाही. तथापि तेथे पुण्य भोगून संपते. येथे ते न भोगल्याने संपते. आजारपणाची, बेकारीची किंवा शोकाची दोन वर्षे घरी काढणारा माणूस संहितेच्या भाषेत निष्ठाहीन ठरतो.

व्याकरणाच्या अभ्यासकाने या संहितांतील क्रियापदे तपासावीत. सभासदासंबंधीची वाक्ये विध्यर्थी असतात: त्याने मुदतीत कळवावे, स्वतः राहावे, स्वतःचे खाते दुसऱ्यास देऊ नये. कंपनीसंबंधीची वाक्ये शक्यतेची असतात: ती नियम बदलू शकेल, लाभ मागे घेऊ शकेल, खाते बंद करू शकेल. वरच्या श्रेणीच्या सवलती सांगताना त्यांना बहुधा 'उपलब्धतेनुसार' हे क्रियाविशेषण चिकटलेले असते. जाहिरात आणि संहिता यांचा विषय एकच असला तरी कर्ता बदलतो. जाहिरातीत कंपनी देते आणि सभासद घेतो. संहितेत सभासद बांधला जातो आणि कंपनी मोकळी राहते. नियम समजून घेणे म्हणजे आकडेमोड नव्हे; प्रत्येक वाक्यात बांधला गेलेला कर्ता कोणता, हे ओळखणे होय.

हा प्रश्न न्यायालयापर्यंतही गेलेला आहे. नॉर्थवेस्ट या अमेरिकन विमानकंपनीच्या योजनेत वरच्या श्रेणीला पोहोचलेले रब्बी गिन्सबर्ग यांचे सभासदत्व कंपनीने २००८ साली रद्द केले; ते फार तक्रारी करतात, हे कारण सांगण्यात आले. योजनेच्या नियमांनी गैरवापर झाला की नाही हे ठरविण्याचा अधिकार कंपनीच्याच निर्णयावर सोपविला होता. प्रत्येक करारात उभयपक्षी सद्भाव गृहीत असतो, असा गिन्सबर्ग यांचा युक्तिवाद. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तो एकमताने अमान्य केला. १९७८ च्या विमानवाहतूक कायद्यापुढे हा दावा टिकत नाही, आणि नाराज ग्राहकाला दुसऱ्या कंपनीची योजना धरण्याचा मार्ग मोकळाच आहे, असा त्या निकालाचा आशय होता. निकाल विमानकंपन्यांपुरता असला तरी तो सूचक आहे: निष्ठेच्या नावाने झालेल्या करारात सद्भाव मागता आला नाही.

भारतीय कायद्याची भाषा येथे काहीशी निराळी आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने 'अनुचित करार' ही संकल्पना प्रथमच स्वीकारली. वाजवी कारणावाचून एकतर्फी करार संपविण्याची मुभा एका पक्षाला देणाऱ्या अटी तिच्या व्याख्येत येतात. अशा तक्रारी ऐकण्याचा अधिकार राज्य आयोगाला आहे, आणि छत्तीसगडचा राज्य आयोग रायपुरातच आहे. लाभांडीच्या काउंटरवर ज्याला संमती दिली जाते त्या कागदाची परीक्षा, प्रसंग आल्यास, त्याच शहरात होऊ शकते.

मराठीत निष्ठेसाठी एक घरगुती वाक्प्रचार आहे: खाल्ल्या मिठाला जागणे. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याशी इमान राखावे, हा त्याचा अर्थ. हॉटेलच्या योजनेत ही दिशा उलटते. मिठाचे दाम ज्याने मोजले, त्याच्याकडूनच इमानाची अपेक्षा केली जाते. शिवाय विक्री-प्रतिनिधीच्या बाबतीत दाम त्याने मोजलेलेच नसतात. बिल मालक भरतो आणि पॉइंट नोकराच्या नावे जमतात. स्वस्त हॉटेल सोडून पॉइंटांसाठी महागडे निवडताना एक इमान दुसऱ्यावर मात करते. सरकारांनी या गुंत्याची दखल घेतली आहे. अमेरिकेने २००१ साली कायदा करून सरकारी प्रवासातील असे लाभ कर्मचाऱ्यास स्वतःकडे ठेवू दिले. भारताच्या अर्थ मंत्रालयाच्या सूचनांनी मात्र सरकारी विमानप्रवासात मिळालेले मैल सरकारी प्रवासासाठीच वापरावेत, खासगी वापर केल्यास विभागीय कारवाई होईल, असे बजावले. या दोन उत्तरांमागे मिठाविषयीच्या दोन धारणा आहेत.

रायपुरात बसून निष्ठेचा विचार करताना माधवराव सप्रे यांचे स्मरण अपरिहार्य ठरते. मराठी घरात जन्मलेल्या सप्र्यांनी १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले, समर्थांचा 'दासबोध' आणि टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेले, आणि १९२६ साली रायपुरातच देह ठेवला. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या परिभाषाकोशासाठी अर्थशास्त्राच्या शब्दांचे कामही त्यांनी केले. व्यापाराला शब्द पुरविणारा आणि 'गीतारहस्या'तील निष्काम कर्म हिंदी वाचकापुढे ठेवणारा लेखक एकच असावा, हे लक्षणीय आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात ज्या दोन निष्ठा सांगितल्या आहेत त्या जीवनमार्ग आहेत; त्यांना श्रेणी नाही, मुदत नाही. हॉटेलची योजना हे उघड काम्य कर्म होय, आणि काम्य कर्म करण्यात लाज नाही. प्रत्येक व्यापार फळासाठीच असतो. दोष आहे तो फळाच्या मोजणीला निष्ठा हे नाव देण्यात. हिंदीच्या आरंभीच्या कथांत गणल्या जाणाऱ्या सप्र्यांच्या 'एक टोकरी भर मिट्टी' या १९०१ च्या कथेत झोपडीवरचा कायदेशीर हक्क जमीनदाराकडे असतो, परंतु विधवेची मातीने भरलेली टोपली त्याला उचलवत नाही. हक्काच्या कागदात न मावणारे वजन असते, हे त्या कथेला ठाऊक आहे.

आता त्या पंचविसाव्या रात्रीचा हिशेब मांडता येईल. सुवर्ण आणि रौप्य श्रेणींतील फरक १५ टक्क्यांचा. म्हणजे वर्षाच्या १८,००० पॉइंटांवर २,७०० पॉइंटांचा. ते पॉइंट पुढील वर्षीही तितक्याच खेपा झाल्या तर मिळणार, आणि वटविण्याच्या दिवशी त्यांची किंमत दुसरा कोणी ठरविणार. शिवाय चांगली खोली आणि उशिरा खोली सोडण्याची मुभा, दोन्ही उपलब्धतेनुसार. याच्या बदल्यात आज ६,००० रुपये, मग ते मालकाच्या खिशातून जावोत की स्वतःच्या. आणि घरची एक संध्याकाळ. संहिता नीट वाचलेल्या प्रवाशाला पॉइंट टाकून देण्याचे कारण नाही. वाटेत पडलेले ते सहज उचलावेत, मुदतीत वापरावेत आणि त्यांच्यासाठी वाट बदलू नये. ज्या घरात त्याच्या गैरहजेरीची रात्र मोजली जाते, तेथे जाणारी गाडी संध्याकाळी रायपूरहून सुटते.