तीनशे रुपयांची नळी

विवाहाची नोंद, शाळेचा दाखला, भावाभावांतील बांधाचा तंटा, अशा कामांसाठी लोक धर्मगुरूंचे दार ठोठावतात, हे वाचकांना ठाऊकच आहे. अलीकडे या यादीत एका नव्या विषयाची भर पडली आहे. 'फादर, पोराने मडगावात एक जुनी गाडी पाहिली आहे, घेऊ का?' असे विचारणारी माणसे महिन्यातून दोन-तीन तरी येऊ लागली आहेत. हा सल्ला देण्याचा अधिकार आम्हांला कोणत्याही सेमिनरीने दिलेला नाही. तो दिला आहे आमच्या अंगणात उभ्या असलेल्या व्हॅनने. २०१२ साली बनलेली ही ओम्नी अद्याप चालते, त्या अर्थी फादरांना गाड्यांतले कळत असावे, असा गावाचा भाबडा समज आहे. तो समज किती पोकळ आहे, हे २०२५ च्या एप्रिल महिन्यात हुबळीच्या लॅमिंग्टन रस्त्यावर आम्हांला पुरते उमगले. तीच हकीकत आज वाचकांसमोर ठेवीत आहोत.

आमचे गाव खानापूर तालुक्यात, अळनावरच्या बाजूला येते. गावात एक निवृत्त शिक्षक राहतात. सारे गाव त्यांना मास्तर म्हणते. मास्तरांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली असून, सोमवारी आणि गुरुवारी यंत्राद्वारे रक्त शुद्ध करून घेण्यासाठी त्यांना हुबळीस जावे लागते. गुरुवारी त्यांचा मुलगा कामावर सुट्टी घेऊन त्यांना नेतो. सोमवारची जबाबदारी आम्ही आणि आमची व्हॅन यांनी पत्करली आहे. यंत्रावर चार तास पडून राहायचे, सायंकाळी घरी परतायचे, असा हा क्रम. पाळी चुकली तर शरीरात पाणी साठते, धाप लागते, आणि मग जे होऊ शकते ते येथे लिहिण्याचे कारण नाही. या आजारात पिण्याचे पाणीही मोजून घ्यावे लागते. मास्तरांची बाटली एक लिटरची. तीत सारा दिवस भागवायचा.

त्या सोमवारी आम्ही पहाटे निघालो. मास्तर मधल्या आसनावर, त्यांच्या सूनबाई शेजारी. अळनावर मागे पडले आणि आम्हांला आसनाखालून नेहमीपेक्षा अधिक ऊब जाणवू लागली. ज्यांच्या घरी ही गाडी आहे त्यांना ठाऊक असेल की, हिचे इंजिन पुढच्या आसनाखालीच असते. त्यामुळे चालकास थोडी ऊब ही रोजचीच. एप्रिल महिना आहे, असे आम्ही मनाशी म्हटले. मग तपमानाचा काटा वर सरकला. चढ संपला की उतरेल, असेही आम्ही मनाशी म्हटले. माणूस स्वतःच्या अंगात ताप असताना अशाच सबबी काढतो. पुढे मैल-दीड मैलावर गाडीने दम सोडला, आणि आसन उचलताच वाफेचा असा लोट उठला की आम्ही दोन पावले मागे सरलो. रेडिएटरपासून इंजिनाकडे येणारी रबरी नळी तिच्या टोकाशी उभी चिरली होती.

इंजिन निवेपर्यंत आम्ही अर्धा-पाऊण तास झाडाखाली उभे राहिलो. गाडीत जादा पाणी नव्हते. आमच्याकडची बाटली आम्ही वाटेतच पिऊन संपवली होती. तेव्हा मास्तरांनी आपली एक लिटरची बाटली पुढे केली. 'फादर, हे ओता. मला आज तिथे काढूनच घ्यायचे आहे,' असे ते हसत म्हणाले. ते पाणी ओतणे व्यर्थ होते, कारण चिरलेल्या नळीतून ते सरळ रस्त्यावर येणार, हे आम्हांला दिसत होते. तरीही आम्ही ते ओतले. असे का केले, याचे उत्तर आमच्याजवळ आजही नाही. सूनबाई काही बोलल्या नाहीत.

मास्तरांना त्या दिवशी हुबळीस पोहोचवले ते आम्ही नव्हे. धारवाडला जाणारी सरकारी बस हात दाखवताच थांबली. वाहकाने पुढच्या बाकावरील दोन तरुणांना उठवून त्यांना जागा करून दिली. धारवाडहून हुबळीपर्यंत 'चिगरी' बस असतातच. त्यांना रस्त्याच्या मधोमध स्वतंत्र वाट आहे. तरी अडीच तासांचा उशीर झाला. त्यांची पाळी दुसऱ्यास दिली गेली होती, आणि दुपारी यंत्र मोकळे झाल्यावर त्यांना चाराऐवजी तीनच तास मिळाले.

आम्ही मात्र एका टेम्पोमागे दोर बांधून, जत्रेतील बैलाप्रमाणे ओढले जात, दुपारी लॅमिंग्टन रस्त्यावर आलो. लॅमिंग्टन हे नाव १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे. त्यांच्या नावाचा रस्ता मुंबईतही होता, आणि त्याचे डॉ. भडकमकर मार्ग असे नामांतर होऊनही लोक जुनेच नाव घेतात. हुबळी त्या काळी मुंबई इलाख्यातच होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ती म्हैसूर राज्यात गेली. रस्त्याला लागून असलेल्या एका गल्लीत आमच्या मिस्त्रींची शेड आहे. आम्ही त्यांना चाचा म्हणतो, ते आम्हांला फादरसाब म्हणतात. कानडी, दखनी आणि मराठी या तिन्ही भाषा ते एकाच वाक्यात नांदवतात.

चाचांनी नळी पाहिली, बोटांनी दाबली. तिचे रबर बिस्किटासारखे मोडले. मग त्यांनी काही न बोलता गाडीचा समोरचा कप्पा उघडला, विम्याच्या कागदांखालून एक जुने बिल काढले आणि ते उलटे करून आमच्या हाती दिले. त्यावर त्यांच्याच अक्षरात चार कामे लिहिली होती: वरची नळी, खालची नळी, रेडिएटरचे झाकण, कूलंट. तारीख २०२४ च्या ऑक्टोबरची. ही कामे तेव्हाच करावीत असे त्यांनी सुचवले होते. आम्ही हिशेबाची वही डोळ्यांपुढे आणून 'नाताळानंतर पाहू' असे म्हटले होते आणि तोवर विहिरीचे पाणी ओतून वेळ मारून नेली होती. नळीची किंमत होती तीनशे रुपये.

विहिरीच्या पाण्याने काय बिघडते, असे पुष्कळांना वाटते. आम्हांलाही वाटत असे. चाचांनी रेडिएटर उघडून आतला तांबूस गाळ दाखवला. पाण्याच्या बंबाला आतून जसा पांढरा पापुद्रा धरतो, तसाच क्षारांचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. शिवाय लोखंड गंजते. इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश भाग या पाण्यावाटे बाहेर टाकावा लागतो. वाट तुंबली की उष्णता आत राहते. कूलंटात जे ग्लायकॉल असते त्याने पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो, आणि सोबतची द्रव्ये गंज रोखतात. रेडिएटरचे झाकणही केवळ झाकण नव्हे. आमच्या भगिनींना प्रेशर कुकरवरून हे चटकन कळेल. कुकरात वाफ कोंडली की पाणी शंभर अंशांवर उकळत नाही, एकशेवीस अंशांच्या घरात जाते. रेडिएटरचे झाकण आपल्या स्प्रिंगने तोच दाब राखते. म्हणूनच तापलेल्या गाडीचे झाकण कधीही उघडू नये. शिटी न काढता कुकर उघडणारी गृहिणी जितकी भाजेल, तितकाच तो चालकही भाजेल.

पण आमचे दुखणे नळीवर थांबले नव्हते. काटा वर गेल्यावरही आम्ही जो मैल-दीड मैल गाडी हाकली, त्याने घात केला होता. चाचांनी इंजिनाचे हेड उतरवले, त्यावर पोलादी पट्टी आडवी धरली आणि पट्टीखालून पातळ पत्र्याची एक चकती सरकवून दाखवली. जेथे ती शिरू नये तेथे शिरली. हेड ॲल्युमिनियमचे असते. अति तापले की वाकते, मग गॅस्केट घट्ट बसत नाही आणि पाणी व तेल एकमेकांत मिसळू लागते. हेड यंत्रावर घासून सपाट करणे, नवे गॅस्केट, आणि इतके उघडलेच आहे तर टायमिंग बेल्ट. एकूण बिल चौदा हजारांवर गेले.

सुटे भाग आणण्यास चाचांनी आम्हांलाच धाडले. दुकानदाराने फळीवर दोन नळ्या ठेवल्या: एक कंपनीच्या खोक्यातील तीनशेची, दुसरी साध्या पिशवीतील एकशेवीसची. लाजेने सांगतो, त्या दिवशीही आमची दृष्टी प्रथम दुसरीकडेच गेली. दुकानदार म्हणाला, 'फादर, तुमची मर्जी. पण पाण्याची नळी एक वेळ हलकी घ्या, ब्रेकचे सामान कधी घेऊ नका.' मग त्याने आपणहून बरेच सांगितले. खोक्यावरील भागाचा क्रमांक आणि प्रत्यक्ष वस्तूवरील क्रमांक जुळतो की नाही ते पाहावे. पक्के बिल मागावे. बिल नाकारणाऱ्याकडून काहीच घेऊ नये. ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषते, म्हणून गाडी कमी चालली तरी दोन वर्षांनी ते बदलावे. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२१९ म्हणजे २०१९ सालातील बत्तिसावा आठवडा. आम्ही परत येऊन आमच्या जादा चाकाचे आकडे वाचले. ते चाक गाडीइतकेच जुने निघाले.

त्याच फळीपाशी एक शेतकरी पेट्रोलची नळी विकत घेत होता. पेट्रोलात आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले असते. २०२३ च्या एप्रिलनंतर बनलेल्या गाड्यांचे भाग ते सोसतील असे बनवलेले आहेत. त्यापूर्वीच्या गाड्यांतील रबराकडे मात्र लक्ष ठेवणे बरे. निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच, जुन्या रचनेच्या चारचाकींना या मिश्रणात सहा-सात टक्के कमी अंतर मिळेल असे म्हटले होते. तेव्हा गाडी थोडे कमी पळते म्हणून दर वेळी मिस्त्रीवर संशय घेऊ नये; गाडीत पेट्रोलचा वास आला तर मात्र तेव्हाच त्याच्याकडे जावे.

मडगाव-कोल्हापूरकडून जुनी गाडी आणू पाहणाऱ्यांसाठी दोन शब्द. रंग आणि गाणी वाजवणारे यंत्र नंतर पाहा. आधी नोंदणीचे पुस्तक पाहा. परराज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवायची तर येथील क्रमांक घ्यावा लागतो, त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत पत्र आणि येथील कर, दोन्ही आले. आणि जे गाडी विकतात त्यांनी नाव बदलून झाल्याखेरीज स्वस्थ बसू नये. नोंदणीत ज्याचे नाव, तोच अपघाताच्या भरपाईस मालक म्हणून जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. 'आपलाच माणूस आहे, करील सावकाश' हे वाक्य आमच्या गावात फार ऐकू येते. आमच्या व्हॅनचीही नोंदणीची पंधरा वर्षे २०२७ साली भरतील. मग तपासणी, नूतनीकरण, आणि ते दर पाच वर्षांनी. तोवर ती ठेवावी की विकावी, यावर आमच्या मंडळात अजून एकमत नाही.

बिलाचा कागद मंडळापुढे ठेवताना आम्ही ऑक्टोबरची ती यादीही सोबत ठेवली. नुसते बिल ठेवले असते तर 'जुनी गाडी, व्हायचेच' म्हणून सर्वांनी मान डोलावली असती. कोषाध्यक्षांनी यादी वाचली, चष्मा काढला आणि विचारले, 'मग हे तीनशे रुपये आम्ही नाही म्हटले होते का?' आम्ही सांगितले, की त्यांना विचारलेच नव्हते. मास्तरांकडे जाऊन तेच सांगणे अधिक कठीण गेले. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, 'नळी चांगली घातलीत ना?'

आता सोमवारी पहाटे साडेपाचला आम्ही व्हॅन दारात आणतो. मास्तर आपली बाटली सूनबाईंच्या पिशवीत ठेवतात, मधल्या आसनावर बसतात, आणि दार लावण्यापूर्वी विचारतात, 'फादर, पाणी पाहिलेत?' गेल्या सोमवारी पाहायचे राहिले होते. आम्ही खाली उतरलो आणि विजेरी पेटवली.