नागाच्या नावाची नौका

'कोब्रा' हा शब्द इंग्रजांनी पोर्तुगिजांकडून उचलला. पोर्तुगीज भाषेत त्याचा अर्थ नुसता साप. हिंदुस्थानात फणा काढणारा नाग पाहून ते त्याला 'कोब्रा दे कापेलो', म्हणजे टोपडेवाला साप, म्हणू लागले. पुढे इंग्रजांनी टोपडे गाळले आणि साप तेवढा ठेवून घेतला. ही व्युत्पत्ती आम्हांस आठवली ती एका नौकेमुळे. ही नौका समुद्रावरची नव्हे, आकाशातली. आणि ते आकाशही संगणकाच्या पडद्यावरचे.

१९८४ साली केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी 'एलीट' नावाचा खेळ रचला आणि अ‍ॅकॉर्नसॉफ्टने तो बी. बी. सी. मायक्रो या संगणकासाठी प्रसिद्ध केला. खेळणाऱ्याच्या हाती आरंभी 'कोब्रा मार्क तीन' ही नौका पडते. इतर नौकाही सर्पकुळातल्याच. पायथन म्हणजे अजगर, क्रेट म्हणजे आपली मण्यार. पोलिसांच्या नौकेला व्हायपर म्हणतात, म्हणजे ती आपल्या फुरशाची जातभाई. आमच्या चिरंजीवांनी हा जुना खेळ आमच्या संगणकावर बसवून दिला आणि "बाबा, हा तुमच्या खात्यातला खेळ आहे," एवढेच म्हणून ते पुण्याला निघून गेले. त्या वाक्याचा उलगडा व्हायला आम्हांस पंधरवडा लागला.

कोब्रा दिसायला चपटी, पाचरीसारखी, नुसत्या सरळ रेघांनी काढलेली. तिच्या कोठारात २० टन माल मावतो आणि टाकी भरली तर ती ७ प्रकाशवर्षे जाते. गाठीला १०० क्रेडिट, पुढे एक लेसर, पोटाशी तीन क्षेपणास्त्रे. ती पुरती व्यापारी नव्हे आणि पुरती लढाऊही नव्हे. दोन्ही कामे तिला तडजोडीने करावी लागतात. शेतीप्रधान ग्रहावरून धान्य घ्यावे, औद्योगिक ग्रहावर विकावे, येताना संगणक भरून आणावेत, आणि वाटेत चाचे भेटले तर लढावे, हा तिचा दिनक्रम. जेथे अराजक, तेथे चाचे अधिक. हे तत्त्व कोणत्याही जिल्ह्याच्या ठिकाणी राहिलेल्या माणसास वेगळे शिकवावे लागत नाही.

सर्वांत मौजेची वस्तू म्हणजे पलायनकुपी. १,००० क्रेडिट मोजून ती बसवून घ्यावी. नौका हातची जाऊ लागली की कुपीत बसून निसटावे; माल बुडतो, पण विम्यातून नवी कोब्रा मिळते आणि शिवाय आपल्या नावावरचे सारे गुन्हे पुसले जातात. गोपनीय अहवाल इतक्या स्वस्तात धुऊन निघण्याची सोय आमच्या ऐकिवात नाही.

या विश्वात आठ दीर्घिका आहेत आणि प्रत्येकीत २५६ ग्रह. बी. बी. सी. मायक्रोची स्मृती सारी ३२ किलोबाइट. तीत २,०४८ ग्रहांची माहिती साठवायची कोठे? त्या विद्यार्थ्यांनी ती साठवलीच नाही. तीन संख्या घेतल्या, त्यांची बेरीज करून पुढची संख्या काढली, आणि असे करीत करीत प्रत्येक ग्रहाचे नाव, राज्यपद्धती, लोकसंख्या गणितातून उपजवली. वर्णनाचे वाक्यही असेच उपजते. प्रवास सुरू होतो तो लेव्ह नावाच्या ग्रहापासून. तो अफाट वर्षावनांसाठी आणि झाडावरच्या एका अळीसाठी विख्यात आहे, असे पडद्यावर उमटते.

ती वने मात्र कोणालाही दिसत नाहीत. कोब्रा ग्रहावर उतरू शकत नाही. फार खाली गेली की ती फुटते. ग्रहाभोवती एक स्थानक फिरत असते, त्याच्या गरगरणाऱ्या चिरेत आपली गती जुळवून शिरायचे, माल विकायचा, इंधन घ्यायचे आणि निघायचे.

येथे आम्ही खेळ थांबवून थोडा वेळ बसलो. रायपूर, कटक, जोधपूर: आमचीही अशी ग्रहमाला आहे. प्रत्येक ठिकाणी सरकारी वसाहत, कचेरी आणि महाराष्ट्र मंडळाचा गणपती, एवढ्या स्थानकात आम्ही आमची वर्षे काढली. गावाविषयी कोणी विचारले तर आमच्या तोंडूनही लेव्हसारखे एकच वाक्य निघते. सौ.चे तसे नाही. कटकच्या शेजारणीकडून ती पाण्यात मुरवलेला भात, पखाळ, करायला शिकली आणि आमच्याकडे वैशाखात तो अजून होतो. जोधपूरची केर-सांगरी ती पिशवी भरून आणते. आमच्या नौकेवरचे कोणी खाली उतरले असेल तर ती.

कोब्राच्या कोठाराचा एक नियम तिला सांगितला तेव्हा ती हसली. धान्य, कापड, यंत्रे यांना टनांवारी जागा लागते. सोने किलोने आणि रत्ने ग्रॅमने मोजतात, आणि ती कितीही घेतली तरी कोठारातली जागा अडत नाही. "मग माझा पाटा-वरवंटा रत्नांत धरा," ती म्हणाली. तीन बदल्यांत ट्रकवाल्यांनी त्या पाट्यावरून आमच्याशी वाद घातला आहे.

निवृत्तीला आता अकरा महिने उरले. कोठे राहणार, हा प्रश्न घरात कोणी उघड विचारत नाही. तो जेवणाच्या ताटाजवळ नुसता येऊन बसतो. परवा रात्री आम्ही सौ.ला दीर्घिका ओलांडण्याच्या यंत्राविषयी सांगत होतो. ५,००० क्रेडिटला मिळते, एकदाच चालते, आणि पुढच्या दीर्घिकेत नेऊन सोडते. मागे फिरता येत नाही. मात्र पुढेच जात राहिले तर आठवीनंतर पुन्हा पहिली येते.

"म्हणजे ते लेव्ह पुन्हा लागते?"

"लागते."

"आणि तिथले भाव तेच असतात?"

भाव थोडे वरखाली होतात, असे आम्ही सांगितले. तिने दुधाचे पातेले झाकले आणि दिवा मालवताना म्हणाली, "अहो, साताऱ्याच्या घराच्या आपल्या दोन खोल्यांत अजून भाडेकरू आहे का, ते भाऊजींना पत्र लिहून विचारा. फोनवर नको. पत्रच लिहा."