ऑपरेशन झालं, मॅपिंगचं बिल कुणी भरायचं?

पेपरात फोटो येतो: मूल, डॉक्टर, पुढारी, आणि खाली ‘चिमुकल्याला मिळाली श्रवणशक्ती’. माझ्या मुलाचं कॉक्लिअर इम्प्लांटही सरकारी योजनेतूनच झालं. त्याबद्दल मनापासून आभार. पण फोटोनंतरचं कुणी लिहीत नाही, म्हणून ही पोस्ट.

ऑपरेशन झालं की लगेच ऐकू येतं, असं नाही. जखम भरल्यावर, साधारण तीन-चार आठवड्यांनी मशीन चालू करतात. कानाच्या आतल्या पट्टीवर कंपनीप्रमाणे 12 ते 22 इलेक्ट्रोड असतात. प्रत्येकावर किती करंट दिला की आवाज जेमतेम जाणवतो आणि किती दिला तरी सोसवतो, हे ऑडिओलॉजिस्ट कॉम्प्युटरवर बसवतात. हेच मॅपिंग. लहान पोर ‘आता ऐकू आलं’ म्हणत नाही. त्याची नजर, थबकणं, दचकणं बघून ठरवावं लागतं. पहिल्या वर्षी पुन्हा पुन्हा, पुढेही दरवर्षी, जन्मभर. मॅप जुळत नसेल तर लाखोंचं मशीन कानावर असून पोर शब्द गाळायला लागतं.

आता बिलाचं बघा. योजनेतल्या फेऱ्या संपल्या की खर्च आपल्या खिशातून. मेडिक्लेमवाले म्हणतात, ‘ॲडमिट नाही ना? मग ओपीडी, बसत नाही.’ बिलावर शब्द एकच: ‘कन्सल्टेशन’. तासभराचं मॅपिंग, चाचणी, सगळं एका आकड्यात. वर पुण्याचं एसटी भाडं आणि बुडालेला रोज, तो तर कुठल्याच बिलात नाही.

अमेरिकेत पहिल्या प्रोग्रामिंगचा बिलिंग कोड वेगळा, नंतरच्या फेऱ्यांचा वेगळा. सात वर्षांखालच्या मुलांचे कोडही निराळे. तिथे स्वस्ताई आहे असं नाही. पण हे एक वेगळं काम आहे, एवढं तरी कागदावर मान्य आहे.

आपली मागणी साधी आहे. सरकारनं इम्प्लांट दिलं, तर मॅपिंगही 18 वर्षांपर्यंत द्यावं. आणि जिल्हा रुग्णालयात महिन्यातून एक दिवस तरी ते व्हावं.

पालकांनो, बिलात ‘मॅपिंग’ वेगळं लिहून घ्या. प्रत्येक मॅपची प्रिंट फाईलला लावा, हॉस्पिटल बदललं तर उपयोगी पडते. घरात ऐकू न येणारं बाळ असेल तर केंद्राच्या ॲडिप योजनेची चौकशी वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत लवकर करा. आणि ऑपरेशनआधीच विचारा: मॅपिंग किती वर्षं मिळणार?

तुमच्याकडे काय अनुभव? कमेंटमध्ये लिहा. सगळे मिळून निवेदन देऊ.