पुनवेचं नाहणं

तुळजापूरची भवानी वर्षातून तीन वेळा झोपते. भाद्रपदात नवरात्राच्या आधी, मग दसऱ्यानंतर कोजागरीपर्यंत, आणि पौषात शाकंभरी नवरात्राचे घट बसेपर्यंत. मूर्ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवतात. दसऱ्यानंतरच्या झोपेला तर नावच श्रमनिद्रा आहे. महिषासुराशी लढून देवी थकली म्हणून. आमच्या जालना जिल्ह्यातल्या वाटूरच्या बायांना हे सगळं ठाऊक असतं. पलंगावरच्या देवीला हात जोडून येतात आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच कापूस वेचायला शेतात हजर. देवीला विसावा लागतो, आपल्याला मात्र नाही, ही समजूत पक्की.

माझ्या सासूबाई तेवढ्या याला अपवाद होत्या. आम्ही सुना त्यांना आत्याबाई म्हणायचो. पौष पौर्णिमेला, म्हणजे शाकंभरी पौर्णिमेला, त्या सकाळपासून कुणाचं काही करत नसत. "आज माही पुनव हाये, चहासुद्धा तुम्हीच ठेवा," असं सांगून मोकळ्या. घरातल्या पुरुषांना हा काही तरी कडक कुळाचार वाटायचा, म्हणून कुणी हटकत नसे. कुळाचार वगैरे काही नव्हता. त्यांनी स्वतःच पाडलेली रीत होती, हे त्यांनीच मला पुढं हसत सांगितलं.

तयारी आदल्या दिवशी. ओढ्याच्या काठाला निरगुडी माजलेली असते. तिची पानं वरून हिरवी, खालून राखी पांढरट, चुरगळली की उग्र वास. ज्वारीला कीड लागू नये म्हणून कडुनिंबासोबत हीच पानं वाळवून कणगीत टाकतात. त्या दिवशी मात्र ओटाभर पाला हंड्यात पडायचा आणि पहाटे चुलीवर पाणी उकळायला लागलं की न्हाणीभर तो वास. नाहण्याआधी करडईचं तेल कोमट करून गुडघे, पोटऱ्या, कंबर. तिळाचं तेल चांगलं हे सगळेच सांगतात, पण आमच्या काळ्या रानात करडई पिकते, घाण्याचं तेल घरात असतं, मग तेच. उरलेल्या तेलात मेणाचा खडा वितळवून टाचांच्या भेगांत भरायचा, वर जुनी चिंधी बांधायची. या मलमाची मी खात्री देते. दुकानातल्या ट्यूबा मी वापरून पाहिल्या आहेत.

टाचांचं एवढं कशाला, ते हरभऱ्याच्या रानात पहाटे अनवाणी गेल्याशिवाय कळायचं नाही. थंडीत हरभऱ्याच्या पानांवर आंब धरते. पानांवरच्या बारीक लवेतून आंबट रस पाझरतो, त्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं. दवात मिसळून तो भेगेत शिरला की डोळ्यांत पाणी येतं. भाजी खुडणाऱ्या बाईची बोटंही अशीच चरचरतात. पण ही आंब आमच्याकडे औषध. पुनवेच्या पहाटेच आत्याबाई धुऊन वाळवलेलं पातळ धोतर घेत. एका टोकाला त्या, दुसऱ्या टोकाला मी. ओळीच्या शेंड्यांवरून धोतर अलगद ओढत न्यायचं, शेंडा मोडू द्यायचा नाही. बांधाला पोचेपर्यंत ते जड होई. मग पितळी वाटीत पिळायचं. पिळताना हात गारठून लाल. फिकट पिवळं पाणी निघे, ते काचेच्या बाटलीत भरून ठेवायचं. पोट दुखलं, जेवण अंगावर आलं, की त्यातलं चमचाभर पाण्यात. मी अजून घेते, गुण येतो. मुतखडा असलेल्यानं मात्र याच्या वाटेला जाऊ नये.

हे सगळं पुनवेलाच का? याबद्दल माझं एक मत आहे. पौर्णिमेचा चंद्र थेट सूर्य उगवेपर्यंत आभाळात असतो. वीज नव्हती तेव्हा पहाटे ओढ्यावर जायला, रानातून धोतर ओढायला, चूल पेटवायला एवढा उजेड दुसऱ्या कुठल्या दिवशी मिळणार? चांदण्यानं पाल्यात औषध उतरतं, असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. कोजागरीला तर याचा कहर होतो. चांदण्यात ठेवलेल्या दुधातून, खिरीतून दम्याचं औषध देणारे कितीतरी ठिकाणी बसतात. आमच्या नात्यातल्या एकांनी असं औषध घेतलं आणि डॉक्टरांनी दिलेला पंप बंद केला. पुढं थंडीत त्यांना रात्रीतून जालन्याला न्यावं लागलं. दूध प्यावं, मसाला घालून प्यावं, जागरण करावं. पंप खिशात ठेवावा.

नाहणं झालं की आत्याबाई गोधडी घेऊन उन्हात बसत आणि स्वयंपाक आमच्याकडे. शाकंभरीचा नैवेद्य म्हणजे मिळतील तेवढ्या भाज्या. मेथी, चाकवत, शेपू, पालक, वांगी, गाजर, ओले हरभरे, बांधावरची पाथरी. पाथरी आणि हरभऱ्याचा कोवळा पाला आम्ही शिजवत नाही. कांदा, दाण्याचं कूट, मीठ, वरून तेल घालून घोळाणा करतो. देवीमाहात्म्यात शाकंभरीची हकीकत दुष्काळाची आहे. शंभर वर्षं पाऊस नाही, तेव्हा देवीनं आपल्या देहातून उगवलेल्या भाज्यांवर जग जगवलं. जालन्याच्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. 2012-13 मध्ये मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, त्या पौषात आमच्या ताटात ताजं पान नव्हतं. आदल्या हंगामात वाळवून ठेवलेला हरभऱ्याचा पाला भिजवून त्याचीच भाजी केली आणि तोच नैवेद्य.

आत्याबाई गेल्यावर त्यांचा दिवस मी घेतला. सोपं गेलं नाही. सासू उन्हात बसली तर कुणी बोलत नाही, सून बसली की तिला बरं नाही का म्हणून विचारायला येतात. मीही मग कुळाचाराचंच नाव पुढं केलं.

2025 साली शाकंभरी पौर्णिमा आणि भोगी एकाच दिवशी, 13 जानेवारीला आली. भोगीलाही तीळ लावून नाहणं, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वांगी-गाजर-बोरं-हरभऱ्याची एकत्र भाजी. म्हणजे आमच्या पुनवेचंच भावंड. "दोन्ही एकाच दिवशी उरकलं, बरं झालं," असं मी म्हणाले तर माझी सून नाराज. तिनं हंडा पुन्हा भरला, माझ्या उरलेल्या पाल्यातच पाणी तापवलं आणि स्वतः नाहायला गेली. भाकरी त्या दिवशी मुलानं थापली. जाड झाली होती, पण खाल्ली सगळ्यांनी.

2026 ला हे दिवस पुन्हा वेगळे झाले. पौर्णिमा 3 जानेवारीला, भोगी 13 ला. पहिला दिवस माझा, दुसरा सुनेचा, अशी वाटणी आम्ही करून टाकली आहे.