लाकडाला जागा

महिनाअखेरीच्या शनिवारी बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कुठल्याही सोसायटीच्या फाटकाशी उभं राहावं. एक छोटा हत्ती आत शिरतो, दुसरा बाहेर पडतो. गाद्या, कुंड्या, दोरीने बांधलेलं टीव्हीचं खोकं. बाहेर पडणारा टेम्पो निघून गेला की पार्किंगच्या कोपऱ्यात, कचऱ्याच्या पिंपांमागे, हमखास काहीतरी उरतं. भुशाच्या बोर्डाचं एखादं कपाट. खालची कडा पाणी पिऊन फुगलेली, बिजागऱ्यांच्या जागी स्क्रूची भोकं रुंदावलेली. आणलं तेव्हा ते नक्कीच चकचकीत असणार. आता पुन्हा उभं करायचं म्हटलं तर त्यात स्क्रू धरत नाही.

या वस्तू बघून मला वाईट वाटतं, कारण त्या मोडल्यावर संपतात. लाकडाचं काम मोडलं तरी संपत नसतं.

या वस्तीचा आणि तिच्या फर्निचरचा संबंध सरळ आहे. कर्नाटक सरकारच्या केऑनिक्स या महामंडळाने १९७८ साली कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या ३३२ एकरांवर इलेक्ट्रॉनिक सिटी वसवली, कल्पना आर. के. बाळिगा यांची. पुढे इथे आलेला प्रत्येकजण दोन-तीन वर्षांसाठीच आला. नागपूरहून, कोल्हापूरहून, पुण्याहून आलेली आमची मराठी मंडळीही त्यातच. भाडेकरार अकरा महिन्यांचा, पलंग भाड्याचा, टेबल घडीचं. मग मूल शाळेत जायला लागलं, निलाद्री रोडच्या आसपास घर घेतलं, ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोही दाराशी आली. दोन-तीन वर्षांची वीस वर्षं झाली आणि एके दिवशी कुणीतरी म्हणालं, आता घरात एक धड टेबल हवं.

धड टेबल म्हणजे काय, हा प्रश्न इथून सुरू होतो.

दुकानात आपण टेबलाचा वरचा भाग बघतो. हात फिरवतो, पॉलिश छान आहे म्हणतो. पॉलिश सगळ्यात शेवटी येतं आणि सगळं झाकतं. पारख करायची तर खाली वाकावं. न दिसणाऱ्या बाजूला करवतीचे ओरखडे थोडे राहिले असतील तर चालेल. पण पाय आणि चौकट जिथे मिळतात तिथे काय केलंय ते बघावं. नुसते पत्र्याचे कोपरे आणि स्क्रू आहेत, की चौकटीच्या फळीचं टोक कुसू काढून पायाच्या खाचेत उतरवलंय? ड्रॉवर असेल तर तो पूर्ण बाहेर ओढून उलटा करावा. रोजची ओढाताण पुढच्या फळीवर येते. तिथे टोकाकडे रुंदावत जाणारे दात एकमेकांत बसवलेले असतील, ज्याला कारागीर डव्हटेल म्हणतात, तर ओढ जितकी जास्त तितका सांधा घट्ट बसतो. स्टेपलच्या पिना असतील तर त्या रोज केसभर सैल होत जातात.

फळीचं तोंडही बघावं, म्हणजे जिथे ती आडवी कापली आहे ती बाजू. वरच्या पृष्ठभागावरची रेघ कडेवरून वळून तोंडावरच्या वलयाला जाऊन मिळाली, तर ती अख्खी फळी. कडेला रेघ तुटली आणि खाली वेगळाच रंग लागला, तर वर पातळ व्हिनिअर आहे. व्हिनिअर वाईट नव्हे. अख्ख्या लाकडाच्या भावात ते घेणं वाईट.

आणि शेवटी टेबल उचलून बघावं. पाच फूट बाय तीन फूट, एक इंच जाडीची वरची फळी सव्वा घनफूट भरते. तीन इंची चार पाय आणि भोवतीची चौकट धरली की सगळं मिळून सव्वादोन घनफुटांच्या आसपास जातं. तेवढ्या वाळलेल्या सागवानाचं वजन चाळीस किलोच्या घरात असतं. एकट्याने एका हाताने सरकवता येणारं ‘सागवानी’ टेबल हिशोबातच बसत नाही.

चंदापुराच्या पलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये एक मिस्त्री काम करतात. मूळचे खानापूर तालुक्यातले, त्यामुळे बोलणं बेळगावकडच्या मराठीत. एकदा त्यांच्याकडे तयार होऊन उलटं ठेवलेलं टेबल मी न्याहाळत होतो. वरची फळी चौकटीला ज्या स्क्रूंनी धरली होती त्यांची भोकं गोल नव्हती, लांबट होती. मी विचारलं, ही अशी का?

“फळी पावसात फुगतीय, उन्हाळ्यात आत जातीय,” ते म्हणाले. “घट्ट आवळलासा तर ती फाटणारच बघा. तिला सरकायला जागा ठेवायची.”

लाकूड म्हणजे झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांचा जुडगा. झाड पडल्यावरही त्या हवेतला ओलावा घेतात आणि सोडतात. फळी लांबीला जवळपास बदलत नाही. बदलते ती रुंदीला. सागवान यात संयमी, तरी तीन फूट रुंदीची फळी वर्षभरात चार-पाच मिलिमीटर सहज कमी-जास्त होते. म्हणूनच लाकडात किती ओलावा चालेल हे सांगणारं भारतीय मानक, आयएस २८७, देशाचे हवेप्रमाणे चार विभाग करतं. कोकणात मुरलेलं लाकूड बेंगळुरूच्या कोरड्या हवेत आणलं की ते आधी इथली हवा घेतं आणि मग स्थिरावतं. चांगला कारागीर कापलेल्या फळ्या काही दिवस शेडमध्ये नुसत्या रचून ठेवतो, मधे पट्ट्या घालून, वारं खेळेल अशा. घाईचं गिऱ्हाईक याला दिरंगाई म्हणतं. खरं म्हणजे काम तेव्हाच सुरू झालेलं असतं.

जुन्या वाड्यांचे दरवाजे आठवा. त्यांच्या मधल्या फळ्या चौकटीच्या खोबणीत सरस न लावता नुसत्या बसवलेल्या असत. पावसाळ्यात त्या फुगत, उन्हाळ्यात आकसत, चौकट मात्र जागची हलत नसे. चांगलं काम ओळखायची माझी खूण तीच आहे: करणाऱ्याने लाकडाला हलायला जागा ठेवली आहे का?

लाकूड कोणतं, हा पुढचा प्रश्न, आणि इथे बिलावरच्या ‘सागवान’ या शब्दावर समाधान मानू नये. चंद्रपूरकडच्या बल्लारशाचं सागवान मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी पाठवलं गेलं. त्या लाकडाचं नाव उगाच झालेलं नाही. उत्तर कन्नडमधल्या दांडेलीच्या सागवानाला बेळगावची जुनी घरं ओळखतात. केरळातल्या निलांबूरला तर १८४०च्या दशकातच सागाची लागवड झाली. पण म्यानमारने एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात थांबवल्यावर बाजारात आफ्रिकेतला आणि दक्षिण अमेरिकेतला, लागवडीत भराभर वाढवलेला सागही भरपूर येतो. तोही सागच. फरक गाभ्यात असतो. सागाचं टिकाऊपण, त्याचं तेल, वाळवीला हटवणारा गुण, सगळं आतल्या तपकिरी गाभ्यात. सालीलगतचं पांढुरकं लाकूड किडा आवडीने खातो. कोवळ्या झाडात हे पांढरं जास्त निघतं आणि रंग मारला की ते दिसत नाही. म्हणून फळ्या पॉलिशच्या आधी बघाव्यात. तोंड धारदार पात्याने साफ करून भिंगाखाली धरलं तर सागात प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग दिसते. तरी शंका राहिलीच तर मल्लेश्वरममध्ये लाकूड विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्था आहे. तिथे तुकडा देऊन लाकडाची जात ओळखून घेता येते. ही सोय असलेल्या शहरात राहून फसण्यात अर्थ नाही.

गाभ्याचं सागवान काय करतं हे बघायचं तर कृष्णराजेंद्र मार्केटजवळ टिपूचा उन्हाळी राजवाडा आहे. १७९१ साली पूर्ण झालेला, जवळजवळ सगळा सागवानी. त्याचे खांब आणि कमानी याच शहराच्या हवेत सव्वादोनशेहून अधिक पावसाळे उभ्या आहेत.

मात्र सगळंच सागवानी करून घ्यावं असं माझं मुळीच म्हणणं नाही. स्वयंपाकघरात सिंकखाली आयएस ७१० चं प्लायवूडच शहाणं. त्याची परीक्षा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून घेतात. होन्ने, म्हणजे आपला बिबळा, किंवा फणसाचं लाकूड मिळालं तर पलंगाला, पाटाला उत्तम. जागेला साजेसं लाकूड निवडणं हाही पारखीचाच भाग.

आता करून घेण्याचं मोल. बाजारातल्या टेबलांची उंची बहुधा एकोणतीस-तीस इंच आणि खुर्च्यांची अठरा. ही मापं कुणाच्या तरी सरासरीची. माझी आई पाच फुटांहून थोडी कमी. इथे राहायला आली की जेवणाच्या खुर्चीवर तिचे पाय लोंबकळत. ती तक्रार करायची नाही, पण जेवण उरकून पटकन उठायची. मिस्त्रींनी तिला साध्या बाकावर बसवलं, गुडघ्यामागून जमिनीपर्यंत टेप धरला आणि म्हणाले, “मावशी, पाय सपाट ठेवा बघू.” साडेपंधरा इंच. पाठ टेकायची फळी तिच्या खांद्याच्या हाडाखाली येईल अशी. हात टेकून उठायला पुढे थोडे वाढवलेले दांडे. आता आई त्या खुर्चीवर बसून भाजी निवडते, पेपर वाचते, आणि जेवण झालं तरी बसून गप्पा मारते. एवढ्यासाठी अडीच इंच पुरले.

किंमत ऐकून माणसं दचकतात. पण हिशोब उघडा आहे. तीन बाय पाचच्या टेबलात सव्वादोन घनफूट लाकूड दिसतं; कापणी आणि रंधणी धरून विकत मात्र तीनच्या आसपास घ्यावं लागतं. त्यावर सांध्यांचे दिवस, पॉलिशचे हात. या दिवसांचे पैसे घासाघीस करून कमी केले की कारागीर सांधा सोडून स्क्रू मारतो. दोष त्याचा नसतो. आपण जे विकत घ्यायचं नाकारलं ते तो करत नाही, इतकंच. ही कला टिकायची तर ती मागणारं गिऱ्हाईक टिकलं पाहिजे.

म्हणून मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगतो: घर एका दमात भरू नका. एकच वस्तू करून घ्या, रोज वापराल ती. लाकूड कोरं असताना बघा, सांधा विचारा, माप अंगावर घ्या आणि ठरलेले पैसे पूर्ण द्या. अशी वस्तू जन्मभर पुरते हे खरं, पण तिचं मोठेपण त्याहून पुढचं आहे. तिचा सांधा सैल झाला तर पाचर मारता येते, वरची फळी पुन्हा रंधता येते, पाय कापून नातवाचं टेबल करता येतं. कुणी सोडून गेलं तर तिला पिंपामागे जागा शोधावी लागत नाही. ती मागणारं माणूस मिळतं. आज ती तुमच्या मापाची असेल, उद्या दुसऱ्या कुणाच्या मापाची करता येईल. जी वस्तू पुन्हा घडवता येते तिलाच मी मौल्यवान म्हणतो.