दाढ दुखायची थांबली तेव्हा

गेल्या डिसेंबरात माझ्या उजव्या बाजूच्या खालच्या दाढेला गार पाणी लागलं की कळ यायला लागली. आधी कळ यायची आणि लगेच जायची. पुढे ती रेंगाळायला लागली, पाणी गिळून झालं तरी दाढ पाच-दहा मिनिटं ठणकत राहायची. लवंगेच्या तेलाचा बोळा धरून मी दिवस ढकलले. मग एका शनिवारी रात्री आडवं पडणंच अशक्य झालं. पाठ टेकली की ठणका थेट कानापर्यंत जायचा, उठून बसलं की जरा कमी. ती रात्र भिंतीला टेकून बसून काढली. दुखतेय ती वरची दाढ की खालची, हेही धड सांगता येईना.

मंगळवारी सकाळी उठले तर ठणका गायब. गार पाण्याची चूळ भरून पाहिली, काही नाही. मी देवाला हात जोडले आणि दातांच्या डॉक्टरांची घेतलेली वेळ रद्द केली. जाऊबाई म्हणाल्या, "बरं केलंस. त्या रूट कॅनॉलच्या नादी लागू नकोस. माझी केलेली दाढ वर्षाच्या आत मोडली. त्यापेक्षा उपटलेली बरी."

सहा आठवडे सुखात गेले. मग घास चावला की तीच दाढ दुखायला लागली, ती जरा उंच झाल्यासारखी वाटायची, आणि एका सकाळी गाल सुजला.

डॉक्टर मॅडमनी एक्स-रे काढून पडद्यावर दाखवला. मुळाच्या टोकाशी एक काळसर गोल सावली होती. त्यांनी समजावलं ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं आहे. दाताच्या आत नस आणि रक्तवाहिन्यांचा मऊ गाभा असतो. कीड तिथवर पोचली की तो सुजतो, पण चहूबाजूंनी टणक भिंती, फुगायला जागाच नाही, म्हणून तो जीवघेणा ठणका. आडवं झालं की डोक्याकडे रक्त जास्त येतं, म्हणून रात्री त्रास वाढतो. "ठणका थांबला त्या दिवशी तुमची दाढ बरी झाली नव्हती, ताई. आतली नस मरत आली होती, म्हणून कळ जाणवेनाशी झाली. जंतू मात्र मुळातून हाडापर्यंत उतरले." गाल सुजल्यामुळे त्यांनी अँटिबायोटिक दिलं, पण तेवढ्याने भागणार नाही हेही सांगितलं. मेलेल्या गाभ्यात रक्त फिरत नाही, मग गोळीचं औषध तिथे पोचणार कसं?

दाढ काढून टाकण्याचा पर्याय होताच. पण मग शेजारच्या दाढा मोकळ्या जागेकडे कलतात, वरची दाढ खाली उतरू लागते, आणि ब्रिज किंवा इम्प्लांटचा खर्च वेगळाच. मी दाढ वाचवायचं ठरवलं.

पहिल्या दिवशी इंजेक्शन टोचताना क्षणभर चुरचुरलं. दहा मिनिटांत अर्धा ओठ आणि अर्धी जीभ जड झाली. दाढेभोवती रबराचा पातळ पडदा बसवला. त्यामुळे आतलं औषध घशात उतरत नाही आणि तोंडातली लाळ दाढेत जात नाही. मॅडम म्हणाल्या, "जरा जरी दुखलं तरी डावा हात वर करा." मी एकदाच केला. एका मुळात जिवंत नसेचा तुकडा उरला होता, तिथे सुई लागताच चमक निघाली. त्यांनी लगेच हात थांबवून आणखी भूल दिली. पुढे दाब जाणवला, घरघर ऐकू आली, दुखलं नाही.

माझ्या दाढेत चार नळ्या निघाल्या. केसासारख्या बारीक सुया, त्यांना फाईल म्हणतात, प्रत्येक नळीत घालून आतला सडका भाग खरवडला. फाईल मुळाच्या टोकाजवळ आली की शेजारच्या छोट्या यंत्राची टिकटिक जलद व्हायची. मग मॅडम फाईलवरची रबरी चकती खाली सरकवून पट्टीवर लांबी मोजायच्या आणि मदतनीस मुलगी लिहून घ्यायची: साडेवीस, वीस, एकवीस. मधूनमधून नळ्या धुवायच्या औषधाचा पोहण्याच्या तलावासारखा वास यायचा. तासाभराने आत औषध भरून तात्पुरतं सिमेंट लावलं.

खरा दुखरेपणा घरी आल्यावर होता. भूल उतरल्यावर दोन दिवस दाढ ठुसठुसत होती, पण लिहून दिलेल्या गोळीने आटोक्यात राहिली. ओठ बधिर असताना चहा पिऊ नये आणि काही खाऊ नये, जीभ चावली जाते. त्या बाजूने आठवडाभर चावायचं नाही. तीन दिवसांनंतर दुखणं उतरायच्या ऐवजी वाढलं, किंवा सूज आणि ताप आला, तर वाट न पाहता फोन करायचा. मला ती वेळ आली नाही. पुढच्या आठवड्यात नळ्या पुन्हा धुऊन, कोरड्या करून, गुलाबी रंगाच्या बारीक काड्यांनी बंद केल्या. त्या गटापर्चाच्या, म्हणजे एका झाडाच्या चिकापासून केलेल्या असतात.

त्या दिवशी दाढ अजिबात दुखत नव्हती. मार्चअखेरची कामं होती, कॅप महिन्याभराने बसवली तर चालेल का, असं मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "हीच चूक लोक करतात." किडीने एक भिंत खाल्लेली, वरून आत जायला छिद्र पाडलेलं. असा पोखरलेला दात चावण्याच्या जोराने उभा चिरतो, आणि चीर मुळापर्यंत गेली की तो वाचत नाही.

घरी येऊन मी जाऊबाईंना विचारलं, "तुमच्या दाढेवर कॅप होती?" नव्हती. दुखत नव्हती म्हणून त्या परत गेल्याच नव्हत्या. आठ महिन्यांनी सुपारी फोडताना दाढ दुभंगली, आणि दोष लागला रूट कॅनॉलला. म्हणून सांगते, खर्च विचाराल तो कॅपसकट विचारा, आणि तेवढ्या पैशांची तयारी करूनच सुरुवात करा.

दहा दिवसांत माझी कॅप बसली. पहिल्यांदा दात मिटल्यावर ती किंचित उंच लागत होती. निळा कागद चावायला देऊन मॅडमनी ती घासून बरोबर केली. असं काही लागलं तर लाजू नये, खुर्चीतच सांगावं.

श्रावणात एका संध्याकाळी जाऊबाईंचा फोन आला. दुसऱ्या बाजूची दाढ तीन रात्री ठणकत होती. "पण आज सकाळपासून आपोआप थांबली बघ," त्या म्हणाल्या. मी त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली आणि अर्धी रजा टाकली.